वेलिकी नोव्हगोरोद: किल्ला आणि चर्चं नीट कशी पाहावीत

सगळ्यात आधी तिकिटाचं. रशियात नोव्हगोरोद नावाची दोन शहरं आहेत, आणि दोन्हीकडे लाल विटांचा किल्ला आहे. निझ्नी नोव्हगोरोद मॉस्कोच्या पूर्वेला, व्होल्गाच्या काठी. आपल्याला जायचंय ते वेलिकी नोव्हगोरोद, सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर, व्होल्खोव नदीवर. रेल्वेच्या तिकिटावर तर हेही नाव नसतं. तिथे स्टेशनचं नाव ‘नोव्हगोरोद-ना-व्होल्खोवे’ असं येतं. तिकीट हातात पडलं की हे नाव आधी तपासा, बाकीचं नंतर.

शहर लहान आहे. सव्वादोन लाखांच्या आसपास वस्ती. पण १९९२ साली युनेस्कोने इथली वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घेतली, ती उगाच नाही. मंगोल स्वाऱ्यांत रशियातली बहुतेक जुनी शहरं जळाली, नोव्हगोरोद वाचलं. त्यामुळे अकराव्या-बाराव्या शतकातल्या चर्चांची अशी दाटी दुसरीकडे क्वचितच दिसते. अडचण तीच आहे. पाचवं चर्च पाहून होईस्तोवर पहिलं डोक्यातून गेलेलं असतं. पांढऱ्या भिंती, घुमट, मेणबत्त्यांचा वास, सगळं एकात एक मिसळतं. म्हणून माझं सांगणं असं: किल्ला आणि मोजकी चार-पाच चर्चं निवडा आणि त्यांचा क्रम विचार करून ठरवा. इथे सगळी मेख क्रमात आहे.

कधी जावं

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये रात्री अकराच्या सुमारासही आकाशात उजेड असतो, म्हणजे संग्रहालयं बंद झाल्यावरही तटाभोवती फिरायला भरपूर वेळ मिळतो. इल्मेन सरोवर जवळ असल्याने वारा बोचरा असतो, उन्हाळ्यातही एक जाकीट लागतंच. हिवाळ्यात बर्फातला लाल तट फार देखणा दिसतो खरा, पण काही चर्चं थंडीमुळे बंद मिळतात आणि दिवस दुपारीच मावळतो.

दोन रात्री मुक्काम ठेवा. सेंट पीटर्सबर्गहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे पुष्कळ असतात. त्यांना किल्ला दिसतो आणि बाकी सगळं धावतपळत.

वार ठरवताना एक लक्षात घ्या. किल्ल्यातलं मुख्य संग्रहालय मंगळवारी बंद असतं, आणि महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारीही. इतर वास्तूंच्या सुट्ट्या वेगळ्या वारी असतात. शुक्रवार-शनिवार धरून आलात तर सहसा फार काही चुकत नाही, तरी निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

व्हिसा, पैसे, फोन

ऑगस्ट २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर रशियाचा ई-व्हिसा मिळतो. वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत. सुरुवातीला १६ दिवसांचा मुक्काम चालायचा, आता तो ३० दिवसांपर्यंत वाढवलाय. अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी करायचा असतो, पण इतकं काठावर जाऊ नका. पासपोर्टवर नाव जसं छापलंय तसंच्या तसं अर्जात हवं. वडिलांचं नाव मधे असणाऱ्या आपल्या मंडळींचा इथेच घोळ होतो. ई-व्हिसावर ठरावीक नाक्यांवरूनच देशात शिरता येतं. मॉस्कोचे मोठे विमानतळ आणि सेंट पीटर्सबर्गचं पुल्कोवो त्या यादीत आहेत.

युद्ध सुरू आहे, त्याचा हिशेब धरायलाच हवा. ड्रोनच्या भीतीने विमानतळ काही तास बंद ठेवले जातात, मोबाइल इंटरनेट अधूनमधून तोडलं जातं. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नोव्हगोरोदमध्ये राहू नका, मॉस्को किंवा पीटर्सबर्ग गाठलेलं बरं. यांडेक्सचे किंवा दुसरे कुठलेही नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा. लष्करी गाड्या, पूल, रेल्वेची यार्डं यांचे फोटो काढायच्या भानगडीत पडू नका.

पैशांचं गणित साधं आहे: रोख. मार्च २०२२ पासून परदेशात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या नोटा न्या आणि मोठ्या शहरातल्या बँकेतच रूबल करून घ्या. नोव्हगोरोदला पोहोचेपर्यंत खिशात पुरेसे रूबल असावेत. हॉटेलचे पैसेही रोखीने घेतात ना, हे आधी विचारून घ्या.

हॉटेलवाले तुमची नोंदणी करून देतात. विमानतळावर मिळणारा मायग्रेशन कार्डाचा कागद मात्र जपा. परत निघताना तो मागतात.

पोहोचायचं कसं

सर्वांत सोपा मार्ग पीटर्सबर्गवरून. मोस्कोव्स्की स्टेशनवरून ‘लास्तोच्का’ ही विजेवरची गाडी सुटते, साधारण तीन तासांत नोव्हगोरोद. मॉस्कोहून यायचं तर लेनिनग्राद्स्की स्टेशनवरून रात्रीची गाडी आहे, झोपून यायचं आणि सकाळी उतरायचं. किंवा वेगवान ‘साप्सान’ने चुदोवोपर्यंत येऊन तिथून लास्तोच्का पकडायची. भारतीय कार्डाने ऑनलाइन पैसे भरणं जमत नसल्याने तिकीट स्टेशनच्या खिडकीवर रोखीने घ्यावं लागतं. मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाड्या भरतात, म्हणून पीटर्सबर्गला उतरल्याबरोबर हे काम उरका.

नोव्हगोरोद स्टेशनातून बाहेर पडलं की समोरचा कार्ल मार्क्स मार्ग सरळ किल्ल्याच्या दिशेने जातो. चालत वीस-पंचवीस मिनिटं. किल्ल्याच्या तटाबाहेर, सेन्नाया चौकात ‘क्रास्नाया इज्बा’ हे पर्यटकांसाठीचं माहिती केंद्र आहे. तिथे शहराचा नकाशा घ्या आणि त्या दिवशी कुठलं चर्च उघडं आहे ते विचारा. हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. का, ते पुढे येतंच.

राहायला नदीच्या दोन्ही बाजू चालतील. किल्ला आहे तो डावा काठ, त्याला सोफियाची बाजू म्हणतात. समोरचा उजवा काठ म्हणजे व्यापाराची बाजू. संध्याकाळी तटाचं दृश्य उजव्या काठावरून छान दिसतं, म्हणून मी तिकडे झुकेन.

हवा पाहून पहिलं पाऊल

सकाळी उठून आधी आकाश पाहा. उजव्या काठावर इल्यिना रस्त्यावर ख्रिस्ताच्या रूपांतराचं चर्च आहे, १३७४ साली बांधलेलं. त्यातली भित्तिचित्रं १३७८ साली बायझंटाइन चित्रकार फिओफान ग्रेक याने काढली. इतिवृत्तात तशी नोंद आहे. त्याने रंगवलेल्या भिंतींपैकी आजवर टिकून राहिलेल्या, आणि त्याच्याच हातच्या आहेत असं खात्रीने सांगता येतं अशा, एवढ्याच. ती जपण्यासाठी पावसाळी, दमट हवेत किंवा कडाक्याच्या थंडीत चर्च बंद ठेवतात. त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणून ते पुढे ढकलू नका. हवा कोरडी असेल तर उघडण्याच्या वेळी दारात हजर राहा, किल्ला दुपारी पाहिला तरी चालतो. पाऊस असेल तर उलटं करा.

आत गेल्यावर आधी मान वर करा. घुमटात ख्रिस्त आहे. डोळे असे रोखलेले की बघणाऱ्याने नजर खाली घ्यावी. मग अरुंद जिन्याने वरच्या सज्जाच्या कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत जा. चित्रं सर्वांत चांगली टिकली आहेत ती इथे. रंग जेमतेम दोन-तीन: गेरू, तपकिरी, राखाडी. त्यावर पांढऱ्याचे झपाट्याने मारलेले फटकारे. खांबावर उभं राहून तप करणारे साधू, त्रैक्याचे तीन देवदूत, आणि इजिप्तचा मकारियस. या मकारियसला अंगावर कपडा नाही, फक्त केस आणि दाढी, आणि सगळा देह पांढऱ्या ज्योतीसारखा उभा. हे चित्र सहाशे वर्षांहून जुनं आहे हे पटायला वेळ लागतो. खोली लहान, मोठा गट आला तर बाहेर थांबावं लागतं. घाई करू नका, गट पाच मिनिटांत निघून जातो.

समोरच झ्नामेन्स्की कथीड्रल आहे, सतराव्या शतकातलं, आत जमिनीपासून छतापर्यंत रंगीबेरंगी चित्रं. आधी फिओफान आणि लगेच हे पाहिलं की तीनशे वर्षांत चित्रकलेत काय बदललं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. मला स्वतःला पहिलंच आवडतं. पण मुलं बरोबर असतील तर त्यांना दुसरं जास्त रमवेल.

किल्ला: आधी बाहेरून

किल्ल्याला इथे देतिनेत्स म्हणतात, नुसतं ‘क्रेमल’ म्हटलं तरी चालतं. १०४४ साली त्याचा पहिला उल्लेख येतो, पण आज दिसणारा विटांचा तट १४८४ ते १४९० या काळात मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने बांधून घेतलेला. म्हणजे नोव्हगोरोदचं स्वातंत्र्य गेल्यावर. १४७८ साली मॉस्कोने हे गणराज्य गिळलं, नागरिकांच्या सभेची, म्हणजे ‘व्हेचे’ची घंटा उतरवून मॉस्कोला नेली, आणि मग हा नवा तट उभा केला. त्याआधी इथले लोक राजपुत्र बोलावून आणत आणि पटला नाही तर हाकलून देत. हे मनात ठेवून तटाकडे पाहिलं तर हा जिंकलेल्याने जिंकून घेतलेल्या शहरावर बसवलेला पहारा वाटतो.

आत शिरण्याआधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. तटाचा घेर जेमतेम दीड किलोमीटर. जमिनीच्या बाजूला कोरडा खंदक आणि बाग आहे, नदीच्या बाजूला तटाखालीच वाळूचा किनारा. जुलैत तिथे लोक पोहण्याच्या कपड्यांत उन्हात पडलेले असतात, वर पाचशे वर्षांचा बुरूज. नऊ बुरूज शिल्लक आहेत. त्यांपैकी कोकुई सर्वांत उंच, हंगामात त्यावर चढू देतात. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर हा मोह टाळा. सह्याद्रीतले किल्ले चढलेल्यांनी इथे चढाईची अपेक्षाच ठेवू नये. हा सपाटीवरचा किल्ला आहे, त्याचा भरवसा नदीवर आणि भिंतीच्या जाडीवर.

आत मधोमध ‘रशियाची हजार वर्षं’ हे मिखाईल मिकेशिनचं १८६२चं स्मारक आहे. प्रचंड घंटेच्या आकाराचं, भोवती राजे, सेनानी, लेखक, संत अशा शंभराहून अधिक मूर्ती. त्यात झार चौथा इव्हान, म्हणजे ‘भयंकर’ इव्हान, नाही. १५७० साली त्याने या शहरात केलेली कत्तल लोक विसरले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हे स्मारक सुटं करून न्यायला काढलं होतं. जानेवारी १९४४ मध्ये शहर मुक्त झालं तेव्हा पुतळे बर्फात विखुरलेले होते, आणि शहरात धड उभी अशी घरं उरली होती चाळीस. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मारक पुन्हा उभं केलं गेलं. आज दिसणारी बरीच चर्चं अशीच ढिगाऱ्यातून जोडलेली आहेत, हे फिरताना विसरू नका.

संग्रहालय सोफियाच्या आधी

बहुतेक जण थेट सोफिया कथीड्रलमध्ये घुसतात. मी म्हणेन, आधी स्मारकासमोरच्या लांबलचक इमारतीतलं संग्रहालय पाहा. दोन कारणं.

पहिलं, भूर्जपत्रं. इथली माती ओली आणि चिकट, हवा आत जात नाही, म्हणून लाकूड आणि झाडाची साल शेकडो वर्षं कुजली नाही. २६ जुलै १९५१ रोजी उत्खननात नीना अकुलोवा हिला पहिलं लिहिलेलं भूर्जपत्र सापडलं, आणि तेव्हापासून एकट्या या शहरात अकराशेहून अधिक मिळाली आहेत. त्यांत राजांची फर्मानं कमी. कुणाचं उधार वसूल करायचंय, कुणी लग्नाचं विचारतंय, कुणी नोकराची तक्रार करतंय. शाई नाही, टोकदार टोच्याने सालीवर कोरलेलं. तेराव्या शतकातला ओन्फिम नावाचा मुलगा तर अक्षरं गिरवता गिरवता कंटाळून चित्रं काढतो: घोड्यावर स्वार, खाली पडलेला शत्रू, आणि एक शेपटीवाला प्राणी, त्यावर लिहिलंय ‘मी हिंस्र पशू’. सहा-सात वर्षांचा असावा असा अंदाज आहे. नोव्हगोरोदचं सगळं इतिहासपुराण विसरलात तरी हा पोरगा लक्षात राहतो.

दुसरं कारण, त्याच इमारतीतली चिन्हचित्रं, ज्यांना रशियन लोक ‘इकोना’ म्हणतात. त्यात पंधराव्या शतकातलं एक लढाईचं चित्र शोधा: नोव्हगोरोद विरुद्ध सुझ्दाल हे दुसरं रशियन शहर, ११७०चा प्रसंग. तीन पट्ट्यांत गोष्ट सांगितलीय. वर मेरीमातेची प्रतिमा मिरवत किल्ल्यात आणतात, मधे शत्रूचे बाण तटावर ठेवलेल्या त्या प्रतिमेला लागतात, खाली शत्रू पळतो. ही गोष्ट पाठ करून मगच सोफियात जा. कारण ती बाराव्या शतकातली मूळ प्रतिमा, ‘झ्नामेनिये’, तिथे दर्शनासाठी ठेवलेली आहे आणि चेहऱ्यावर बाणाची खूणही दाखवतात. आधी चित्र पाहिलेलं असेल तर समोरची रांग कशासाठी आहे ते उमगतं.

सोफिया कथीड्रल

१०४५ ते १०५० मध्ये ‘शहाणा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजपुत्र यारोस्लावचा मुलगा व्लादिमीर याने बांधलेलं. आजच्या रशियात उभ्या असलेल्या दगडी चर्चांत हे सर्वांत जुनं मानतात. बाहेरून पाहताना तीन गोष्टी.

मधला घुमट सोनेरी, शिरस्त्राणासारखा, बाकीचे शिशाच्या रंगाचे. सोनेरी घुमटावरच्या क्रुसावर एक कबुतर बसलंय. दंतकथा अशी की ‘भयंकर’ इव्हानने केलेली कत्तल पाहून ते दगड झालं, आणि ते उडून जाईल तेव्हा शहर संपेल. महायुद्धात तोफांनी क्रूस खाली आला, जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश ‘ब्लू डिव्हिजन’च्या सैनिकांनी तो माद्रिदला नेला. २००४ साली स्पेनने परत केला. मूळ क्रूस आता कथीड्रलच्या आत आहे, वर दिसते ती प्रतिकृती.

पश्चिमेचं काशाचं दार बाराव्या शतकात जर्मनीतल्या माग्देबुर्गमध्ये ओतलेलं आहे. बायबलमधले प्रसंग, लॅटिन आणि रशियन अक्षरं, सिंहाच्या जबड्यातली कडी. डाव्या झडपेच्या तळाशी वाकून पाहा: ओतकाम करणाऱ्या कारागिरांनी स्वतःच्या छोट्या मूर्ती, हत्यारांसकट, लावून ठेवल्यात. हे दार मोठ्या सणांखेरीज सहसा बंदच असतं, आत जायची वाट वेगळी आहे.

आत हे चालतं-बोलतं देवस्थान आहे, म्हणून काही रीत पाळावी लागते. बायकांनी डोकं झाकायचं. आपल्याकडची ओढणी किंवा पदर उत्तम, दारातला सामाईक रुमाल घ्यावा लागत नाही. पुरुषांनी टोपी काढायची. अर्धी चड्डी, उघडे खांदे नकोत. बूट काढायचे नाहीत, याची मात्र आपल्याला सवय करून घ्यावी लागते. बसायला बाकं जवळपास नसतात, पूजा दोन-दोन तास उभ्याने चालते. चित्रांच्या उंच भिंतीमागचा भाग म्हणजे त्यांचा गाभारा, तिकडे पाऊल टाकू नका. मेणबत्ती दारातच विकत मिळते, धर्म कुणी विचारत नाही. फोटोआधी ‘मोझ्ना?’ म्हणजे ‘चालेल का?’ एवढं विचारा. ‘नेल्झ्या’, म्हणजे ‘चालणार नाही’, असं उत्तर आलं तर फोन खिशात.

पूजा सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला असते. भिंती पाहायच्या तर दुपारी जा. ऐकायचं असेल तर संध्याकाळी सहाला जाऊन मागे उभे राहा: वाद्य एकही नाही, नुसते माणसांचे आवाज त्या उंच दगडी पोकळीत चढत जातात. माझं मत विचाराल तर दोनदा जावं. दक्षिणेच्या ओवरीत सम्राट कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांचं फिकट रंगातलं फार जुनं चित्र आहे, ते चुकवू नका.

बाहेर आल्यावर १४३३ची ग्रानोवितया पालाता आहे. जर्मन कारागिरांच्या मदतीने बांधलेली, कमानींवर पेललेली गॉथिक दालनं. वेगळं तिकीट. सोन्याचांदीच्या कामाची आवड असेल तरच घ्या.

पुलापलीकडे

किल्ल्याच्या नदीकडच्या कमानीतून पादचारी पूल थेट व्यापाराच्या बाजूला नेतो. तिथली पांढऱ्या कमानींची रांग म्हणजे जुन्या बाजारपेठेची उरलेली भिंत. मागे यारोस्लावचा वाडा. वाडा उरला नाही, चर्चं उरली. त्यांतलं १११३चं निकोल्स्की कथीड्रल आतून पाहा, बाकीच्यांभोवती नुसती चक्कर पुरे. बरीचशी व्यापाऱ्यांनी बांधलेली आहेत, तळघरात माल आणि वर देव.

दुसरा दिवस

किल्ल्याजवळून ७ नंबरची बस दक्षिणेला जाते. आधी वितोस्लाव्लित्सी: आसपासच्या खेड्यांतून उचलून आणलेली लाकडी घरं आणि चर्चं. पेरेद्की गावचं १५३१चं चर्च उंच खांबांवरच्या सज्जासकट उभं आहे. हे खुलं संग्रहालय आहे, दोन तास सहज जातात, डासांचं मलम बरोबर हवं. तिथून चालत युरियेव मठ. तिथलं सेंट जॉर्ज कथीड्रल १११९चं, तीन घुमट, तेही एका रेषेत नाहीत. सजावट जवळजवळ शून्य, नुसती उंची. पहिल्या दिवशी पावसाने इल्यिना रस्ता हुकला असेल तर आज दुपारी परत येऊन तो पुरा करा.

शाकाहारी मंडळींना एक युक्ती. हॉटेलात ‘पोस्त्नोये मेन्यू’ मागा, म्हणजे उपासाचे पदार्थ: मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. मासे मात्र कधी कधी असतात, तेवढं विचारून घ्या. मशरूम घातलेली ग्रेच्का (शिजवलेला कुट्टू), कोबीचे पिरोगी (सारण भरलेले पाव), बटाट्याचे व्हारेनिकी (सारण भरून उकडलेल्या करंज्या) पोटभर होतात. नुसतं ‘मांस नको’ म्हणून सूप मागवलंत तर मांसाचे तुकडे बाजूला काढून तोच रस्सा तुमच्यापुढे येऊ शकतो. ‘बुल्योन (रस्सा) मांसाचा का?’ हा प्रश्न फोनमध्ये रशियनमध्ये टाइप करून ठेवा.